अंगावरून वारं गेलं, फिट आली, पाय लुळे पडले : कुठे जायचं आणि किती वेळात? इंदापूर-बारामतीकरांसाठी माहिती

इंदापूर : घरात कोणाचं अचानक तोंड वाकडं झालं किंवा कोणाला फिट आली की गावात काय होतं, हे सगळ्यांना माहीत आहे. आधी भावकी गोळा होते. मग कोणी म्हणतं, जवळच्या डॉक्टरकडे एक सलाईन लावून बघू. कोणी देवऋषाचं नाव सांगतं, तर कोणी लकव्याच्या गावठी औषधाचा पत्ता देतं. कबुतराचं रक्त चोळायला सांगणारेही अजून आहेत. यात दोन-तीन तास सहज जातात आणि मेंदूच्या काही आजारांत तेवढाच वेळ हातात असतो.

सगळ्याच आजारांना अशी घाई नसते. काही आजारांत तासाभराचा उशीर नडतो, काहींत दोन-चार दिवसांचा, तर काहींत नीट वेळ घेऊन ओपीडीत गेलं तरी चालतं. हा फरक घरातल्या एकाला जरी माहीत असला तरी पुष्कळ नुकसान टळतं.

लगेच निघायचं : पॅरालिसिसचा झटका

मेंदूला रक्त नेणारी नस गुठळीने बंद होते किंवा फुटते, तेव्हा झटका येतो. ओळख सोपी आहे. माणसाला हसायला सांगा, तोंड एका बाजूला ओढतंय का बघा. दोन्ही हात वर धरायला सांगा, एक हात खाली येतोय का बघा. एखादं वाक्य बोलायला लावा, जीभ अडखळतेय का ऐका. अचानक तोल जाणं, एका डोळ्याने दिसेनासं होणं, कधी नव्हे इतकं डोकं दुखणं हीसुद्धा लक्षणं आहेत. थोड्या वेळात आपोआप बरं वाटलं तरी दवाखान्यात जायचंच, कारण तो पुढच्या मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो.

गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन असतं. ते लक्षण सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि जितकं लवकर तितका फायदा जास्त. पण झटका गुठळीचा आहे की रक्तस्रावाचा, हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही. रक्तस्राव असताना हे इंजेक्शन दिलं तर जीव जाऊ शकतो. म्हणून ज्या दवाखान्यात सीटी स्कॅन नाही, तिथे सलाईन लावून थांबण्यात अर्थ नाही.

आता हिशोब करा. इंदापूर ते पुणे सुमारे १४० किलोमीटर. गाडी मिळून निघायला अर्धा तास, रस्त्याला तीन तास, तिथे तपासणी आणि सीटी स्कॅनला पाऊण-एक तास. साडेचार तास तिथेच संपले. इंदापूर ते बारामती मात्र सुमारे ५० किलोमीटर आहे. बावडा भागातल्या लोकांना अकलूज जवळ पडतं, तर सुपे-मोरगावकडच्यांना पुणे तुलनेने जवळ आहे. त्यामुळे 'डायरेक्ट पुण्याला न्या' हा सल्ला प्रत्येक गावाला लागू होत नाही. सीटी स्कॅन आणि हे इंजेक्शन ज्या सर्वात जवळच्या ठिकाणी मिळतं, तिथे आधी जायचं.

घरी काय करायचं :

- १०८ ला फोन करा. ॲम्ब्युलन्स मोफत आहे. 'पॅरालिसिसचा झटका वाटतोय' असं स्पष्ट सांगा.
- लक्षण किती वाजता सुरू झालं ते लिहून ठेवा. झोपेतून उठल्यावर कळलं असेल, तर माणूस शेवटचा चांगला कधी दिसला ती वेळ सांगा. इंजेक्शन द्यायचं की नाही हे डॉक्टर त्यावरूनच ठरवतात.
- तोंडाने पाणी, चहा, गोळी काही देऊ नका. घास श्वासनलिकेत जाऊ शकतो.
- बीपीची किंवा रक्त पातळ करायची गोळी स्वतःच्या मनाने देऊ नका.
- साडेचार तास उलटून गेले म्हणून घरी बसू नका. मोठी नस बंद असेल तर तारेने गुठळी काढायचा उपचार काही निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंतही करता येतो.

फिट आली तर

आकडी, फेफरं, मिरगी, फिट ही सगळी एकाच आजाराची नावं. कांदा किंवा चप्पल हुंगवून फिट थांबत नाही. बऱ्याचशा फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात आणि श्रेय चपलेला मिळतं.

माणसाला कुशीवर वळवा, गळ्याजवळचे कपडे सैल करा, आजूबाजूच्या टोकदार वस्तू हलवा. हातपाय दाबून धरू नका, तोंडात चमचा किंवा बोट घालू नका. घड्याळ बघा. पाच मिनिटांत फिट थांबली नाही, शुद्धीवर यायच्या आत दुसरी आली, आयुष्यात पहिल्यांदाच आली, डोक्याला मार लागल्यावर आली किंवा गरोदर बाईला आली, तर लगेच १०८.

जवळ दुसरं कोणी असेल तर त्याला मोबाईलवर व्हिडिओ काढायला सांगा. डॉक्टरांसमोर फिट येत नाही, त्यामुळे हा व्हिडिओ निदानाला फार उपयोगी पडतो.

नीट औषध घेतल्यास दहापैकी सुमारे सात रुग्ण फिटशिवाय जगू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण 'आता वर्षभर आली नाही' म्हणून गोळ्या अचानक बंद केल्या की फिट जोरात परत येते. गोळी कमी करायची की नाही हे डॉक्टरच ठरवतील. तोपर्यंत एकट्याने विहिरीत किंवा कॅनॉलला पोहणं, गाडी चालवणं टाळा.

लग्न मोडेल या भीतीने हा आजार लपवला जातो आणि लपवण्यात गोळ्या चुकतात. १९९९ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यातली फिटच्या आजाराची अट काढून टाकली आहे. फिट येते म्हणून लग्न बेकायदा ठरत नाही.

पहाटे पापण्या जड झाल्या तर

उसाच्या पट्ट्यात हे लक्षात ठेवाच. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीने उठतो, पापण्या उघडत नाहीत, एकाचे दोन दिसतात, गिळता येत नाही. हा मण्यारचा दंश असू शकतो. मण्यार चावलेली खूण बऱ्याचदा दिसतही नाही. मंत्र, पाला यात वेळ न घालवता सर्पदंशाची लस असलेलं सरकारी रुग्णालय गाठा. श्वास थांबण्याचा धोका असतो.

दोन-चार दिवसांत वाढणारी अशक्तता : जीबीएस

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात गुलेन बॅरी सिंड्रोम म्हणजे जीबीएसची साथ आली. पुढच्या काही आठवड्यांत संशयित रुग्ण २०० च्या वर गेले. काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला. तो दूषित पाणी आणि कच्च्या मांसातून पोटात जातो. ग्रामीण भागातल्या रुग्णांवर ससूनमध्ये मोफत उपचार होतील, असं सरकारने त्या वेळी जाहीर केलं होतं.

आजाराची चाल अशी : आधी जुलाब किंवा सर्दी-ताप, मग काही दिवसांनी पायाला मुंग्या, जिना चढता न येणं, मग हात अशक्त. याला 'अशक्तपणा आहे, ताकदीचं इंजेक्शन द्या' म्हणून घालवू नका. अशक्तता वर चढत गेली तर श्वासाचे स्नायू थकतात. इम्युनोग्लोब्युलिन किंवा प्लाझ्मा बदलण्याचा उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाला तर जास्त उपयोग होतो. बहुतेक रुग्ण बरे होतात, मात्र वेळ लागतो.

सावकाश वाढणारे आजार

हात थरथरणं, चाल मंदावणं, विसरभोळेपणा, तळपायाची आग, वारंवार अर्धशिशी, मूल वयाप्रमाणे न बसणं-न बोलणं यासाठी आधी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा इंदापूरचं उपजिल्हा रुग्णालय गाठा. तळपायाच्या मुंग्यांमागे बऱ्याचदा शुगर किंवा बी-१२ ची कमतरता असते, त्याला लगेच एमआरआय लागत नाही. पुढची पायरी म्हणजे बारामतीचं पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, आणि त्यानंतर पुण्याचं ससून. ई-संजीवनीवर घरबसल्या मोफत डॉक्टरी सल्ला मिळतो. लहान मुलांची तपासणी शाळा-अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडून करून घ्या.

न्यूरोलॉजिस्ट मेंदू-नसांवर औषधोपचार करतात, न्यूरोसर्जन ऑपरेशन करतात. उदासी, भास, संशय यासाठी मनोविकारतज्ज्ञ. त्यांच्या सल्ल्यासाठी टेलि-मानसचा मोफत नंबर १४४१६.

जाताना जुन्या चिठ्ठ्या, स्कॅनच्या फिल्म, चालू गोळ्यांची पाकिटं आणि त्रास कधी सुरू झाला याची नोंद न्या. रुग्णासोबत रोज राहणाराच माणूस जाऊ द्या, त्यालाच खरं सांगता येतं.

खर्चाचं काय?

- महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात. योजनेतलं रुग्णालय आणि यादीतला आजार असावा लागतो. रेशनकार्ड व आधार घेऊन भरती होतानाच आरोग्यमित्राला भेटा. बिल झाल्यावर गेलात तर अडचण होते. चौकशीसाठी १५५३८८ किंवा १८००-२३३-२२००.
- धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत असतात (वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत) आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांना निम्म्या दरात (३ लाख ६० हजारांपर्यंत). तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड जवळ ठेवा.
- पार्किन्सन, सेरेब्रल पाल्सी, मल्टिपल स्क्लेरोसिस आणि मेंदू-नसांचे इतर जुनाट आजार २०१६ च्या दिव्यांग कायद्यात येतात. यूडीआयडी कार्डासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो.

आजच करून ठेवा

जवळच्या दोन मोठ्या रुग्णालयांना फोन करून तीन प्रश्न विचारा : सीटी स्कॅन रात्री चालू असतो का? झटक्याचं गुठळीचं इंजेक्शन मिळतं का? फुले योजना लागू आहे का? उत्तरं आणि नंबर घरातल्या सगळ्यांच्या मोबाईलमध्ये टाका. बीपी-शुगरचा रुग्ण घरात असेल, तर हे काम उद्यावर ढकलू नका.