दक्षिण हिमसागरावरील दोघीजणी

रहाटणीहून मुळा ओलांडली की औंध लागते. पण ध्रुवप्रदेशाच्या सफरीत आज ज्या औंधाचे नाव निघावयाचे आहे ते हे नव्हे. ते सातारा जिल्ह्यातील, पंतप्रतिनिधींचे औंध. त्या राजघराण्यातील अप्पासाहेब पंतांच्या कन्या अदिती पंत १९८३ च्या डिसेंबरात गोव्याहून 'फिनपोलारिस' जहाजाने अंटार्क्टिकास निघाल्या. जादवपूरच्या भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता त्याच जहाजावर होत्या. भारतीय मोहिमेतून तेथे जाणाऱ्या या पहिल्या स्त्रिया होत.

१९१४ साली तीन इंग्रज तरुणींनी शॅकल्टनकडे अर्ज केला, तेव्हा स्त्रियांसाठी जागा नाही, असे त्याने कळविले होते. पडेल ते कष्ट उपसण्याची त्यांची तयारी होती. पण त्यांची पारखही झाली नाही.

आपल्या पहिल्या दोन तुकड्या उन्हाळ्यातच परतल्या होत्या. या तिसरीस बर्फावर घर बांधून मागे बारा माणसे ठेवावयाची होती. लष्कराच्या अभियंत्यांनी सुमारे दोन महिन्यांत 'दक्षिण गंगोत्री' उभी केली. कर्नल सत्यस्वरूप शर्मा आणि त्यांच्या सोबत्यांनी तेथे सहा महिन्यांहून अधिक काळ भारताचा पहिला ध्रुवीय हिवाळा काढला. जहाज परतल्यावरही त्यांना तेथेच राहावयाचे होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या बाराजणांचे धैर्य कळते.

दोघींपैकी सेनगुप्ताबाईंनी शिर्माखेर टेकड्यांतील खडकांचा नकाशा काढला. गिर्यारोहणाचे शिक्षण त्यांनी तेनसिंगांकडे घेतले होते, ते तेथे कामी आले. पंतबाईंचा विषय सागरी शैवालाचा. पुण्यात पदवी घेऊन हवाई व लंडन येथे शिकलेल्या या विदुषी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत काम करीत. डोळ्यांस न दिसणाऱ्या या वनस्पतींवर क्रिल नावाचे कोळंबीसारखे प्राणी जगतात, क्रिलवर पेंग्विन आणि महाकाय देवमासे. तेव्हा त्या सागराचे धान्यकोठारच त्या मोजीत होत्या, असे म्हणावयास हरकत नाही.

'दक्षिण गंगोत्री' हिमस्तरावर होती; काही वर्षांतच ती बर्फाखाली गेली आणि १९९० च्या सुमारास सोडून द्यावी लागली. तत्पूर्वीच खडकावर 'मैत्री' उभी राहिली होती. पंतबाई पाचव्या मोहिमेतही जाऊन आल्या. पुढे १९९० साली त्या पाषाण येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रुजू झाल्या; म्हणजे मुळेकाठच्या औंधाशीही त्यांचा शेजार जुळलाच.