शहरी पित्यांसाठी प्रसूतिपूर्व व प्रसूतिपश्चात साहाय्य

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची प्रथा देशाच्या अनेक भागांत आहे. आई, आजी आणि शेजारच्या जाणत्या स्त्रिया बाळंतिणीची काळजी घेत. पतीचा सहभाग खर्चाची तरतूद करण्यापुरता आणि बारशाला हजर राहण्यापुरता असे. कामधंद्यासाठी शहरात आलेल्या विभक्त कुटुंबांत मात्र अनेकदा हे मनुष्यबळ उपलब्ध नसते. रात्री कळा सुरू झाल्या तर वाहन मिळवणे, रुग्णालय गाठणे आणि घरी परतल्यावर बाळ-बाळंतिणीकडे पाहणे ही कामे पतीवरच येतात. या कामांसाठी पित्याची पूर्वतयारी करून घेणे हा पितृसाहाय्य कार्यक्रमांचा हेतू आहे.

दिल्लीतील प्रयोग

भारतातील या प्रकारचा एक महत्त्वाचा प्रयोग दिल्लीत झाला. कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या सहा दवाखान्यांत पॉप्युलेशन कौन्सिल या संस्थेच्या सहकार्याने तो राबवण्यात आला व त्याचा अहवाल 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. तीन दवाखान्यांत गरोदर स्त्रियांबरोबर त्यांच्या पतींनाही समुपदेशनात सामील करण्यात आले, तर उरलेल्या तीन ठिकाणी नेहमीची सेवा चालू ठेवण्यात आली. पतींच्या सहभागामुळे दांपत्यातील चर्चा आणि प्रसूतीनंतर कुटुंबनियोजनाच्या साधनांचा वापर वाढल्याचे या प्रयोगात दिसून आले.

काय शिकवले जाते

अशा कार्यक्रमांत गटचर्चा, प्रात्यक्षिके आणि गृहभेटी यांचा उपयोग केला जातो. रक्तस्राव, तीव्र डोकेदुखी, दृष्टी अंधूक होणे, झटके येणे, गर्भाची हालचाल मंदावणे ही गरोदरपणातील धोक्याची लक्षणे पित्यांना सांगितली जातात. बाळ दूध पीत नसेल, त्याचा श्वास जलद चालत असेल किंवा अंग गार पडले असेल, तर विलंब न करता रुग्णालयात न्यावे, हेही समजावले जाते. पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचे दूध द्यावयाचे असल्याने घरकाम, मोठ्या मुलाचे संगोपन आणि आईची विश्रांती यांकडे पित्याने लक्ष देणे अपेक्षित असते. बाळंतिणीला सतत उदास वाटत असल्यास वैद्यकीय सल्ला घेण्याचाही आग्रह धरला जातो.

कमी वजनाच्या बाळासाठी कांगारू पद्धत वापरली जाते. बाळाला उघड्या छातीशी धरून ऊब देण्याचे हे काम आईला शक्य नसेल तेव्हा पिताही करू शकतो.

धोरण आणि अडथळे

प्रसूतीच्या तसेच तिच्या आधीच्या व नंतरच्या काळात पुरुषांचा सहभाग वाढवण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये केली. मात्र हा सहभाग स्त्रीच्या इच्छेनुसार असावा आणि तिच्या निर्णयस्वातंत्र्याला बाधा येऊ नये, अशी अट तीत आहे. केंद्र सरकारने 2016 मध्ये सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीला एक व्यक्ती ठेवण्यास मान्यता दिली. या मार्गदर्शक सूचनांनुसार सोबतीला प्राधान्याने अनुभवी स्त्री असावी. जेथे खासगीपणा राखला जातो तेथे पतीलाही परवानगी देता येते. अनेक स्त्रिया एकाच दालनात असलेल्या प्रसूतिकक्षात मात्र पतीला बाहेरच थांबावे लागते.

दुसरा अडथळा वेळेचा आहे. बहुतेक सरकारी रुग्णालयांतील गरोदर स्त्रियांची तपासणी सकाळी, म्हणजे कामाच्या वेळेत होते. रोजंदारीवरील मजुराला त्यासाठी दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडावे लागते. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना, दोनपेक्षा कमी अपत्ये हयात असल्यास, 15 दिवसांची पितृत्व रजा मिळते. खासगी क्षेत्रासाठी अशी सक्ती करणारा केंद्रीय कायदा नाही. हिंगोलीचे तत्कालीन खासदार राजीव सातव यांनी 2017 मध्ये लोकसभेत यासंबंधी मांडलेल्या खासगी विधेयकाचे कायद्यात रूपांतर झाले नाही.

राष्ट्रीय शहरी आरोग्य अभियानात वस्त्यांमध्ये आशा कार्यकर्त्या आणि महिला आरोग्य समित्या आहेत. परंतु ही रचना मुख्यतः स्त्रियांपर्यंत पोहोचण्यासाठी उभारलेली आहे. संध्याकाळी किंवा सुटीच्या दिवशी वस्तीतच पित्यांच्या बैठका घेतल्या, तर मजुरी न बुडवता त्यांना सहभागी होता येते. मजुरी करणाऱ्या पित्यांच्या दृष्टीने बैठकीची वेळही तिच्यातील विषयाइतकीच महत्त्वाची ठरते.