तिसऱ्या चाकाची कुळकथा

रोजच्या वापरासाठी आटोपशीर तीनचाकी बाबागाडी घ्यायला दुकानात गेलो की वजन, किंमत, रंग आणि छपराचे कापड यांच्यावरच बोलणे होते. पुढे ते एकटे चाक का आहे, ते कुठून आले, येताना कोणते गुण आणि कोणते दोष घेऊन आले, हे कोणी सांगत नाही. ते सांगायला हवे. आजच्या आटोपशीर तीनचाकीत दोन निराळ्या घराण्यांची सोयरीक झालेली आहे. एक घराणे घडीचे, दुसरे चाकाचे. दोन्ही कुळे माहीत असली की गाडीत नेमके काय पाहायचे ते समजते.

मुळाशी गेले तर राजवाड्याचे दार लागते. १७३३ च्या सुमारास विल्यम केंट या इंग्रज वास्तुकाराने डेव्हनशरच्या तिसऱ्या ड्यूकच्या मुलांसाठी एक लहानशी गाडी केली. बैठक शिंपल्याच्या आकाराची, आणि जोडीला नक्षीदार साप, कारण ड्यूकच्या कॅव्हेंडिश घराण्याच्या चिन्हात साप आहे. ही गाडी बकरीने किंवा छोट्या तट्टाने ओढायची. म्हणजे ती लहान मुलांची बग्गी होती. माणसाने मागून ढकलत न्यायची गाडी व्हायला पुढे शंभराहून अधिक वर्षे जावी लागली. मधल्या काळात अमेरिकेत न्यूयॉर्कच्या क्रँडल कुटुंबाने मुलांच्या गाड्या बनवून विकायला सुरुवात केली होती.

ढकलायच्या गाडीचा जन्म १८५० नंतरच्या लंडनमधला. चार्ल्स बर्टन या कारागिराने १८५३ च्या आसपास तिथे ‘पेरॅम्ब्युलेटर’ बाजारात आणला, आणि ती गाडी तीनचाकीच होती. मागे दोन मोठी चाके, पुढे एक लहान चाक, मूल पुढे तोंड करून ताठ बसलेले आणि मोठे माणूस मागून ढकलणारे. आजच्या तीनचाकीचा सारा सांगाडा त्यात आहे. तिसरे चाक ही नव्या काळाची फॅशन आहे असे पुष्कळांना वाटते, पण बाबागाडी माणसाच्या हातात आली तीच मुळी तीन चाकांवर.

तीन चाकांत एक साधी भूमिती आहे. तीन टेकू कितीही वेड्यावाकड्या जमिनीवर ठेवा, तिन्ही टेकतातच. चौथा आला की एखादा अधांतरी राहतो आणि वस्तू डुगडुगते. आपल्याकडच्या सुतारांना हे कोणी शिकवावे लागले नाही. आपला लाकडी पांगुळगाडा तीनचाकीच असतो, पुढे एक चाक आणि मागे दोन. शेणाने सारवलेल्या, खळगे पडलेल्या अंगणात नुकते उभे राहायला लागलेले मूल त्याच्या आधाराने पुढे जाते आणि गाडा डुगडुगत नाही. पांगुळगाडा मूल स्वतः ढकलते, बाबागाडी दुसरा ढकलतो. तरी या दोन गाड्यांच्या बुडाशी असलेला विचार एकच.

मग बाबागाडीचे तिसरे चाक गेले कुठे? ते तान्ह्या बाळाने घालवले. बर्टनच्या गाडीत बसायला मान आणि पाठ धरता यायला हवी. महिन्या-दोन महिन्यांच्या बाळाला आडवेच न्यावे लागते, आडव्या बाळाला लांब पाळणा लागतो आणि लांब पाळणा चार कोपऱ्यांवर नीट पेलतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत अशा पाळणावजा चारचाकी गाड्यांनी बाजार व्यापला. विल्यम विल्सन यांनी १८७७ मध्ये लीड्सजवळ सिल्व्हर क्रॉस ही कंपनी काढली. १८८९ मध्ये बाल्टिमोरच्या विल्यम रिचर्डसन या कृष्णवर्णीय संशोधकाने पाळणा उलट फिरवता येईल अशा गाडीचे अमेरिकन पेटंट मिळवले. आता मूल ढकलणाऱ्याकडे तोंड करून जाऊ शकत होते. गाड्या देखण्या होत्या, पण अवजड होत्या. त्या ठेवायला मोठे घर आणि ढकलायला पगारी दाई, असा तो थाट होता.

आडव्या बाळाचे ते म्हणणे आजही खोडता आलेले नाही. आटोपशीर तीनचाकी पाहताना पहिली तपासणी पाठीच्या कलण्याची. पाठ जवळजवळ सपाट होत नसेल, किंवा वर वेगळा पाळणा बसत नसेल, तर ती गाडी तान्ह्या बाळाची नाही, मान धरलेल्या मुलाची आहे. विक्रेता काहीही म्हणो.

आता घडीचे घराणे. ओवेन मॅक्लारेन हे इंग्लंडमधले विमान अभियंते. दुसऱ्या महायुद्धात गाजलेल्या स्पिटफायर विमानाची चाके उड्डाणानंतर आत मिटतात, त्या रचनेच्या कामात त्यांचा हात होता. निवृत्तीच्या वयात लेक नातवंडाला घेऊन परदेशाहून आली. जड बाबागाडीशी तिची चाललेली झटापट पाहून त्यांच्यातला अभियंता जागा झाला. नॉर्थॅम्प्टनशर परगण्यात बार्बी या गावी त्यांचे घर होते. तिथल्या तबेल्यात त्यांनी ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, कैचीसारखी आडवी-तिडवी मिटणारी गाडी तयार केली आणि जुलै १९६५ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. १९६७ पासून ती विक्रीला आली. वजन तीन किलोच्या आत. मिटली की काठीएवढी होऊन काखेत मावते. विमानाच्या पंखातली जागा चोरणारी विद्या त्यांनी बसमध्ये, मोटारीच्या डिकीत आणि जिन्याखाली जागा चोरायला वापरली. मला हा क्षण साऱ्या कुळकथेत सर्वांत महत्त्वाचा वाटतो. गाडी हलकी झाली आणि एकटी आई एका हातात मूल, दुसऱ्या हातात गाडी घेऊन सार्वजनिक वाहनात चढू लागली. घराबाहेर पडायला तिला दुसऱ्या कोणाची गरज उरली नाही.

या हलकेपणाची किंमत चाकांनी मोजली. घडी बारीक व्हायची तर चाके लहान हवीत, आणि लहान चाक दगडाला अडते. हिशेब करून पाहता येतो. तीन सेंटिमीटर उंचीचा उंबरा आडवा आला आणि गाडी सरळ पुढे ढकलत त्यावर चढवायची असेल, तर १२ सेंटिमीटर व्यासाच्या चाकाला ४० सेंटिमीटर व्यासाच्या चाकाच्या सुमारे पावणेतीन पट जोर लागतो. गुळगुळीत फरशीवर हा फरक जाणवतही नाही. पेव्हर ब्लॉक उखडलेल्या फुटपाथवर मात्र प्रत्येक पावलाला जाणवतो.

दुसरे घराणे अमेरिकेतले. १९७० नंतर तिथे सामान्य माणसे हौसेने रस्त्यावर धावू लागली. त्यांतलेच फिल बेक्लर हे वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा शहरात वर्तमानपत्रात काम करीत. लहान मुलाला घरी न ठेवता धावायला जाता यावे म्हणून त्यांनी गाडीला सायकलसारखी मोठी चाके जोडून पाहिली. १९८४ मध्ये त्यातून ‘बेबी जॉगर’ ही गाडी उभी राहिली. पुढे एक, मागे दोन, तीनही चाके मोठी आणि हवा भरलेली. बर्टनची तीन चाके परत आली होती, पण यावेळचे कारण वेग होते.

बेक्लर यांच्या गाडीचे पुढचे चाक सायकलच्या मागच्या चाकासारखे सरळ रेषेत घट्ट बसवलेले होते. त्यामुळे धावताना गाडी भरकटत नाही. पण वळायचे झाले की मूठ खाली दाबायची, पुढचे चाक उचलायचे आणि मागच्या चाकांवर गाडी फिरवायची. मोकळ्या रस्त्यावर हे चालते. किराणा दुकानाच्या दोन फळ्यांमधल्या बोळात दर तीन पावलांना असे करून बघा, मनगटे भरून येतील. १९९० नंतर न्यूझीलंडच्या वेलिंग्टन शहरात याच जातीच्या गाड्यांना नवे घर मिळाले. माउंटन बग्गी आणि फिल अँड टेड्स या दोन्ही कंपन्या तिथल्याच. वेलिंग्टन म्हणजे चढ-उतार आणि सतत घोंगावणारा वारा. लोक तिथे मुलांना घेऊन डोंगरवाटेवर जातात आणि तीच गाडी घेऊन बाजारातही जातात. एका गाडीने दोन्ही कामे करायची तर पुढचे चाक फिरते हवे.

फिरत्या चाकाची गंमत त्याच्या आसाच्या जागेत आहे. चाक ज्या खिळीभोवती फिरते, तिच्या थोडे मागे चाकाचा आस असतो, म्हणून चाक आपसूक गाडीच्या दिशेमागे वळते. एका बोटाने गाडी फिरते ती यामुळे. पण वेग वाढला की तेच चाक डावी-उजवीकडे थरथरू लागते आणि एखाद्या खड्ड्यात आडवे होऊन गाडी उलटवू शकते. त्यावर उपाय म्हणून चाकाला कुलूप आले. चालताना मोकळे ठेवायचे, खडबडीत वाटेवर किंवा धावताना सरळ करून अडकवायचे. घराण्याचे दोन्ही गुण या एका कळीत सामावले आहेत, म्हणून घेतानाच ती कळ लावून-काढून पाहावी. आटोपशीर गाडीत कुलूप असले तरी ती धावण्याची गाडी होत नाही. धावण्यासाठी मोठी चाके, लांब पाया आणि हाताने लागणारा ब्रेक हवा, आणि मूल किमान सहा महिन्यांचे, मान पक्की धरलेले हवे.

या दोन घराण्यांची सोयरीक २००० नंतरच्या दशकात झाली. नेदरलँड्सच्या क्विनी कंपनीने ‘झॅप’ ही बारीक घडीची तीनचाकी आणली. बेक्लर यांच्या गाडीचे नाव मिरवणाऱ्या बेबी जॉगर कंपनीने ‘सिटी मिनी’ काढली. बैठकीतला पट्टा वर ओढला की गाडी मधोमध दुमडते. चाके सुमारे २० सेंटिमीटरची, वजन साडेसात किलोच्या आसपास. आकडे नीट पाहा. मॅक्लारेन यांच्या मूळ गाडीच्या अडीच पट वजन आणि बेक्लर यांच्या चाकाच्या निम्म्याच्या जवळपास चाक. म्हणजे दोन्हीकडून काही दिले आणि काही घेतले. त्याच उंबऱ्यावर २० सेंटिमीटरचे चाक १२ सेंटिमीटरच्या चाकापेक्षा बरेच सहज चढते, पण ४० सेंटिमीटरच्या चाकाची सर त्याला येत नाही. मला ही तडजोड शहरातल्या रोजच्या फिरण्यासाठी चांगली वाटते, मात्र घर लिफ्टचे असेल तर. पुण्या-मुंबईच्या तीन मजली, बिनलिफ्टच्या जुन्या इमारतीत राहणाऱ्याने साडेसात किलोची गाडी आणि नऊ-दहा किलोचे मूल एकदम वर नेऊन पाहावे, मगच पैसे मोजावेत. तिथे मॅक्लारेन यांच्या वंशातली हलकी गाडी बरी.

तिसऱ्या चाकाची उणी बाजूही त्याच्या भूमितीतूनच येते. गाडीचा पाया त्रिकोणी, म्हणजे पुढे निमुळता. उतरत्या फुटपाथवर झटक्यात वळलो, किंवा मूल एका बाजूने पुढे वाकले, तर कलण्याची भीती चारचाकीपेक्षा जास्त. मागच्या चाकांतले अंतर वाढवले तर ही भीती कमी होते, पण गाडी दारात अडते. म्हणून आपल्या लिफ्टचे दार आणि घरातला सर्वांत अरुंद दरवाजा फुटपट्टीने मोजून जावे. मेट्रोत चढताना फलाट आणि डबा यांच्यातल्या फटीत पुढचे एकटे चाक सापडू शकते. पाठमोरे होऊन मागची चाके आधी आत न्यावीत. आणि मुठीला भाजीची पिशवी अडकवू नये. मूल उचलताच गाडी मागे कोलमडते. ओझे बैठकीखालच्या टोपलीत ठेवावे.

ब्रेकची गोष्ट मनाला चटका लावणारी आहे. ऑक्टोबर २००९ मध्ये ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या ॲशबर्टन स्थानकावर आईचा हात क्षणभर सुटला आणि बाबागाडी घरंगळत रुळांवर गेली, समोरून गाडी येत असताना. बाळ किरकोळ जखमांवर वाचले. ते दृश्य जगभर दाखवले गेले. ऑस्ट्रेलियात जुलै २००८ पासूनच बाबागाड्यांना ब्रेक आणि मनगटात अडकवायचा पट्टा सक्तीचा होता. मला तो पट्टा फार मोलाचा वाटतो. गाडीला नसेल तर कापडी दोर शिवून घ्यावा. त्याच २००९ मध्ये अमेरिकेत मॅक्लारेन कंपनीला सुमारे दहा लाख गाड्यांसाठी दुरुस्तीचे झाकण द्यावे लागले. गाडी उघडताना बिजागरीत सापडून मुलांच्या बोटांची टोके तुटल्याच्या १२ तक्रारी आल्या होत्या. ज्या घडीने आईला मोकळे केले, त्याच घडीच्या सांध्यात हा धोका होता. आता अमेरिकेत सप्टेंबर २०१५ पासून बाबागाड्यांना संघीय सुरक्षा नियम लागू आहेत. पण जुनी गाडी नात्यात हातोहात फिरते, आणि नियमाच्या आधीची गाडीही त्यात असते. अशी गाडी मिळाली तर सांध्यांवर झाकण आहे का ते आधी पाहावे, आणि गाडी उघडताना-मिटताना मूल दूर असावे.

शेवटी घडी कोण घालणार, हे ठरवून जावे. मराठी घरांत दुपारी बाळ बाहेर नेणारी बहुधा आजी असते. न्यू जर्सीत लेकीच्या बाळंतपणाला गेलेल्या आजी-आजोबांच्या हाती तर गाडी पहिल्या आठवड्यातच येते. दुकानात तरुण विक्रेत्याने एका झटक्यात मिटवलेली गाडी पाहून खरेदी करू नये. ती आजीला उघडायला सांगावी, तिला कुलूप लावू द्यावे, मुठीची उंची तिच्या कोपराला जुळते का बघावे, आणि मग बैठकीत दहा किलो तांदळाची पिशवी ठेवून दुकानाच्या बाहेरच्या उंबऱ्यावरून तिलाच एकदा खाली-वर नेऊ द्यावी.