पलीकडची वस्ती

स्मरणिका समितीने सोसायटीचा इतिहास लिहायला सांगितलं. पंचवीस वर्षांचा हिशेब अहवालात आहेच. बोअर कोणत्या साली घेतली आणि गेट कधी बसवलं ते तिथे वाचावं. मला लिहायचंय ते आपली वस्ती इथे, नदीच्या या अंगाला, कशी आली त्याबद्दल. देवपुरात घर घेतलं तेव्हा गल्लीतले शेजारी विचारायचे, "इतलं दूर कथा चालनात भाऊ?" अंतर तीन किलोमीटरसुद्धा नव्हतं. पण मध्ये पांझरा होती, आणि धुळ्यात नदी ओलांडली की माणूस 'पलीकडे' गेला असं धरतात.

हा शब्द मला नवा नव्हता. माझं लहानपण जळगावात, रेल्वेलाइनीच्या पलीकडे शिवाजीनगरात गेलं. तिथूनही बाजाराला जायचं म्हणजे 'गावात' जायचं. एका शहरात नदी आणि दुसऱ्यात रूळ, एवढाच फरक.

आधी धुळ्याचं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत धुळे हे लळिंगच्या हाताखालचं साधं गाव होतं. दक्षिणेकडे आग्रा रोडवर जो किल्ला दिसतो, तो त्या वेळी मुख्य आणि आपण दुय्यम. १८०३ मध्ये होळकरांच्या फौजांची लूट आणि भीषण दुष्काळ एकदम आला आणि गाव अक्षरशः ओस पडलं. पुढच्याच वर्षी विंचूरकरांच्या पदरच्या बाळाजी बळवंत यांनी ते पुन्हा वसवलं. १८१८ मध्ये इंग्रजी अंमल आला आणि कॅप्टन ब्रिग्ज यांनी नव्या खानदेश जिल्ह्याचं ठाणं इथे नेमलं. त्यांनी पाहिलेलं धुळे बागायतीने वेढलेलं, एका बाजूला नदी आणि दुसऱ्या बाजूला पाट, यांच्या मध्ये कोंडलेलं छोटं गाव होतं. १८१९ ची मोजदाद सांगते, घरं ४०१ आणि माणसं २५०९. आपल्यासारख्या थोड्या सोसायट्या एकत्र केल्या की तेवढं गाव होईल!

ब्रिग्ज यांनी बाहेरून कारागीर आणले, कचेऱ्या बांधल्या. घरासाठी जागा कायमच्या बिनभाड्याने दिल्या, वर बांधकामाला उचलही दिली. जुन्या धुळ्याच्या वाकड्यातिकड्या बोळांशेजारी सरळ रस्त्यांची पेठ उभी राहिली. आज आपण 'गल्ली नंबर चार', 'गल्ली नंबर सहा' म्हणतो ती ही पेठ. गल्ल्यांना आकडे असलेलं गाव खानदेशात दुसरं मला माहीत नाही. बाहेरचा पाहुणा हसतो, पण चुकत नाही.

नदीने गावाला पाणी दिलं आणि सीमाही आखली. पांझरेवर बंधारे बांधून पाटाने शेती भिजवण्याची फड पद्धत ब्रिग्जच्या कितीतरी आधीची. १८८४ साली नोकरीत लागलेल्या तरुण विश्वेश्वरय्यांना सुरुवातीच्याच कामांमध्ये पांझरेच्या एका पाटासाठी नळाचा सायफन करावा लागला, तो याच मुलखात. तीच नदी १८७२ मध्ये गावात शिरली आणि घरांचं, मालमत्तेचं मोठं नुकसान करून गेली. उन्हाळ्यात कोरडं पात्र पाहणाऱ्याला हे खरं वाटत नाही.

जळगावची गोष्ट वेगळी. आग्रा रोड मालेगाव, धुळे, सोनगीर असा उत्तरेला तापीकडे जातो. रेल्वे मात्र १८६० च्या दशकात मनमाडनंतर गिरणेच्या खोऱ्याने चाळीसगाव, पाचोरा करत भुसावळकडे गेली. धुळे बाजूला राहिलं. आपल्याला चाळीसगावचा फाटा मिळाला तो १९०० साली. एरंडोल, नशिराबाद ही तिकडची जुनी नावाजलेली गावं, पण कापसाचा बाजार भरला जळगाव स्टेशनजवळ. त्याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, तिथला कापूस इंग्लंडला जाईना, आणि जळगावच्या व्यापाऱ्यांचे दिवस पालटले. युद्ध संपल्यावर भाव कोसळले, बाजाराला जबर धक्का बसला, तरी शहर टिकलं. पुढे खानदेश मिल आली आणि १९०६ मध्ये जिल्ह्याचे दोन भाग झाल्यावर पूर्व खानदेशचं ठाणंही तिथेच गेलं. ज्या रुळांनी शहर घडवलं त्यांनीच ते दुभागलं. शिवाजीनगरचा जुना पूल पाडून नवा होईपर्यंत पलीकडच्या लोकांनी किती फेरे घातले, ते माझ्या भावाला विचारा.

माझा भाचा काही वर्षं जपानमध्ये होता. तो म्हणाला, तिथे बहुतेक रस्त्यांना नावंच नसतात. पत्ता वस्तीचा, मग तुकड्याचा, मग घराच्या आकड्याचा. मला आपल्या गल्ल्या आठवल्या. क्योतोची चौकटीसारखी आखणी ७९४ सालची, आणि तीन बाजूंनी डोंगर असल्याने शहर अजून त्याच खोलगटात आहे. टोकियोत १९२५ मध्ये रेल्वेचं वर्तुळ पूर्ण झालं, आणि त्यावरच्या शिंजुकू, शिबुया या स्टेशनांभोवती शहरातल्या शहरात नवी शहरं उभी राहिली. कोटीच्या घरात वस्ती गेली तरी पत्ता सांगताना माणूस स्टेशनाचंच नाव घेतो. आपणही रिक्षावाल्याला पाच कंदील सांगतो, एकवीरा देवी सांगतो. जळगावकर सतरा मजली सांगतात. सोसायटीचं नाव शेवटी, तेही दोनदा सांगावं लागतं.

आता आपल्या अंगणातलं. सोसायटीच्या पूर्वेच्या भिंतीलगत जो नाला आहे तो पांझरेलाच मिळतो. आठ महिने कोरडा असतो, त्यामुळे त्याला आपण कचऱ्याची जागा समजतो. त्यात दोन पाइप टाकून वर स्लॅब घालावा आणि गाड्या लावाव्यात, असा प्रस्ताव आहे. पार्किंगची अडचण मलाही आहे, माझीही गाडी रस्त्यावरच असते. पण देवपूरची ही सगळी जमीन नदीकडे उतरते आणि वरच्या कॉलन्यांचं पावसाचं पाणी याच वाटेने येतं. जोराच्या पावसात बी विंगच्या जिन्याची पहिली पायरी बुडते, ते आजच, नाला उघडा असताना. दोन पाइपांत ते पाणी मावणार नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

विषय येत्या वार्षिक सभेत आहे. जुन्या गावनकाशाची प्रत मी सोसायटीच्या ऑफिसात कपाटाच्या वरच्या खणात ठेवली आहे. त्यात नाल्याची रुंदी आजच्या दुप्पट दिसते. सभेला येण्याआधी ती एकदा उघडून पाहावी, आणि बी विंगच्या तळमजल्यावरच्या आजींशी दहा मिनिटं बोलावं.