सामन्यांचे वेळापत्रक : चिठ्ठीपासून संगणकापर्यंत

वाचकहो, अहिल्यानगर जिल्ह्याच्या नेवासे तालुक्यातले शनिशिंगणापूर कोणाला ठाऊक नाही? घरांना चौकटी आहेत, पण दारं नाहीत, अशी या गावाची ख्याती. २०११ साली तिथे युको बँकेची शाखा उघडली, तीही कुलपाविना. आता अशा गावच्या शाळेत कबड्डीचे सामने घ्यायचे ठरले, तर गुरुजींना पहिली अडचण कशाची येईल? मैदानाची नव्हे, तारखेची. ज्या शनिवारी अमावास्या पडते, त्या दिवशी दर्शनाला एवढी गर्दी लोटते की वाट मिळणे मुश्किल. २०२५ साली २३ ऑगस्टला असाच योग आला होता, आणि ते शाळांच्या स्पर्धांचे ऐन दिवस! त्या दिवशी सामने ठेवावेत, तर आसपासच्या गावांचे संघ वाटेतच अडकायचे.

आजकाल शाळांच्या सामन्यांचा सगळा हिशेब ठेवणारी संगणकाची साधने, म्हणजे सॉफ्टवेअर, निघाली आहेत. ती चांगलीच आहेत. पण ती हाती घेण्याआधी ही विद्या आपल्यापर्यंत कशी आली, ते थोडे पाहू या.

पूर्वी खेड्यात हुतूतू नि खो-खो रंगे तो दिवस मावळेपर्यंत. मैदान केवढे, खेळायचे किती वेळ, हे ज्या त्या गावाचे वेगळे. मग दोन गावांचा सामना व्हावा कसा? १९१४ साली पुण्यात खो-खोचे नियम बांधायला घेतले गेले आणि १९२४ साली बडोद्याहून ते छापून निघाले. खेळाला वेळेचे माप मिळाले, तेव्हा कुठे सामन्यांचे वेळापत्रक करणे शक्य झाले. पुढे १९५४ साली भारतीय शालेय क्रीडा महासंघ स्थापन झाला. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि मग देश, अशी पायऱ्यांची वाट शाळकरी मुलांपुढे आहे. १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे गट आहेत. तालुक्याच्या पायरीवर घोटाळा झाला, तर वरची पायरी त्या पोरांना दिसतच नाही. म्हणून या कागदाला एवढे महत्त्व.

आता थोडे गणित करू. समजा, अकरा गावांचे संघ आले. बाद पद्धतीत प्रत्येक सामन्यात एक संघ घरी जातो. दहा संघ घरी जायचे, म्हणून सामने दहा. पण अकराची जोडी नीट लागत नाही. अकराच्या पुढची दुपटीची संख्या सोळा. सोळातून अकरा वजा केले की पाच उरतात. या पाच संघांना पहिल्या फेरीत ‘पुढे चाल’ मिळते. उरलेल्या सहांचे तीन सामने होतात, आणि दुसऱ्या फेरीला बरोबर आठ संघ राहतात.

साखळी पद्धतीत मात्र प्रत्येकाला प्रत्येकाशी खेळायचे. अकरा संघांचे सामने होतात पंचावन्न! एका सामन्याला पाऊण तास धरला, तर एका मैदानावर एक्केचाळीस तासांहून जास्त वेळ. म्हणून दोन्हींची सांगड घालतात. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुषांचे वीस संघ, पाच-पाचांचे चार गट. आधी गटात साखळी, मग पुढे बाद फेरी. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे या आपल्या महाराष्ट्राच्या कर्णधारांनी दोन्ही चषक भारताला मिळवून दिले.

बाद पद्धतीत एक अन्यायही दडलेला आहे बरं का! दोन सर्वांत बळकट संघ पहिल्याच फेरीत भिडले, तर दुसऱ्या क्रमांकाचा संघ सकाळीच बाहेर. इंग्लंडमधील गणिताचे अध्यापक चार्ल्स डॉजसन, जे लुईस कॅरॉल या नावाने मुलांच्या गोष्टी लिहीत, त्यांनी १८८३ साली टेनिसच्या सामन्यांबद्दल हीच तक्रार लिहून मांडली होती. यावर उपाय मानांकनाचा. मागच्या वर्षीचे विजेते नि उपविजेते कागदाच्या दोन टोकांना ठेवायचे, बाकीच्यांच्या चिठ्ठ्या सर्वांसमक्ष काढायच्या.

संगणक हे सारे क्षणात करतो. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये निकालांसाठी त्याची मदत घेतली गेली. अमेरिकेत हेन्री आणि हॉली स्टीफन्सन या जोडप्याने वीसहून अधिक वर्षे तिथल्या मोठ्या बेसबॉल संघांची वेळापत्रके केली, तीही संगणकाच्या साह्याने. पण कोणत्या गावी त्या दिवशी काय अडचण आहे, हे यंत्राला कोणीतरी सांगावेच लागते. शिंगणापूरची अमावास्या त्याला आपोआप कशी कळणार?

तेव्हा शिक्षक बंधुभगिनींनो, सुरुवात वहीपासून करा. पहिल्या पानावर न चालणाऱ्या तारखा : अमावास्या, पोळा, बाजाराचा दिवस, चाचणी परीक्षा. दुसऱ्यावर मैदाने नि पंच. तिसऱ्यावर खेळाडूंची नावे आणि जन्मतारखा, शाळेच्या जनरल रजिस्टरशी ताडून पाहिलेल्या. जन्मतारखेच्या एका चुकीने चांगला खेळाडू मैदानाबाहेर बसतो. एवढे झाले, की मग हीच माहिती सॉफ्टवेअरमध्ये भरा. पहिल्या वर्षी एकच खेळ, एकच गट घ्या, आणि वहीही ठेवा. वीज गेली तर सामने थांबू नयेत.

यंत्राने दिलेला कागद एकदा डोळ्यांखालून घाला. वरच्या अकरा संघांना दोन मैदाने दिली, तर पाऊण तासाच्या सहा पाळ्यांत, म्हणजे साडेचार तासांत, दहाही सामने उरकतात. पण मग एखाद्या संघाला लागोपाठ तीन सामने खेळावे लागतील. उपांत्य आणि अंतिम सामन्याआधी अर्धा-अर्धा तास विसावा घाला. सकाळी दहाला सुरुवात केली, तरी साडेतीनला सारे आटोपते आणि लांबच्या मुलींना उजेडी घरची एस.टी. मिळते.

शेवटी एक सांगतो. सामन्यांचा कागद शिंगणापूरच्या घरांसारखा असावा, कोणीही यावे नि पाहावे. तो दोन दिवस आधी फळ्यावर लावा, प्रत्येक शाळेला धाडा. मुलांच्या जन्मतारखा नि घरचे फोन क्रमांक मात्र तसे उघडे टाकू नका. त्यांचा परवलीचा शब्द जबाबदार शिक्षकांपाशीच राहू द्या. दारं नसलेल्या गावातसुद्धा एवढे एक दार लावलेले बरे.