नक्षी आणि नक्षी करणारे हात

घराच्या सजावटीवर कामगार कार्यकर्त्याने का बोलावे, असे कोणी विचारील. पडद्यावरची वेलबुट्टीही कोणाच्या तरी हातांची असते, एवढेच आमचे उत्तर.

विल्यम मॉरिस या इंग्रज कलावंताने १८६१ साली भागीदारांसह सजावटीची पेढी काढली. पडद्यावर एक नक्षी, गालिच्यावर दुसरी, खुर्चीच्या कापडावर तिसरी. तरी एका खोलीत त्या गुण्यागोविंदाने नांदत. आमच्या मते याचे मोठे कारण रंग. नक्ष्या वेगळाल्या, पण कापडाचे रंग बहुतांशी एकाच कुळीचे : नीळ, मंजिष्ठ आणि पिवळा रंग देणाऱ्या वनस्पती.

१८८३ सालच्या 'स्ट्रॉबेरी थीफ' या छिटासाठी सगळे कापड आधी निळीत रंगवीत, ठशांनी जागोजाग निळा रंग उडवीत आणि तेथे तांबडा-पिवळा भरीत. यात कित्येक दिवस जात. साहजिकच माल महाग आणि गिऱ्हाईक धनिक.

हा विसंवाद मॉरिसला बोचत होता. १८७७ साली लंडनमध्ये कारागिरांच्या शिक्षणसंस्थेपुढे व्याख्यान देताना, कला मूठभरांपुरती उरू नये, असे त्याने बजावले. १८८३ साली तो समाजवादी चळवळीत उतरला.

त्या काळी इंग्लंडला जाणारी नीळ मुख्यतः बंगाल-बिहारची. तिच्या सक्तीविरुद्ध बंगालची रयत १८५९ साली उठली होती.

तेव्हा दोन नक्ष्या जुळतात की नाही, हे अवश्य पाहावे. पण ती नक्षी छापणाऱ्याच्या घरी भिंतीला चुना तरी लागतो काय, हेही विचारावे, इतकेच आमचे मागणे आहे.