खुंटीवरची बंदूक

घरात वापराविना पडलेल्या वस्तूंचा निकाल आपण सहज लावतो. भांडी मोडीत जातात, कपडे कुणाला तरी दिले जातात. पण आजोबांच्या बारा बोअरच्या बंदुकीचे काय करायचे? विकायची की देऊन टाकायची? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीची दारे मिटत गेली आणि अशा कितीतरी बंदुका खुंटीवरच राहिल्या. त्या निघत नाहीत, कारण त्यांच्याशी घराण्याचा मान बांधलेला असतो.

या मानामागे इतिहास आहे. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी लोकांची शस्त्रे काढून घेतली. १८७८ मध्ये लॉर्ड लिटनने शस्त्र कायदा आणला. हिंदी माणसाला परवाना सक्तीचा झाला, युरोपियनांना मात्र सूट. गंमत अशी की, देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच वर्षीचा. सत्तेला लेखणी आणि बंदूक यांची भीती एकदमच वाटली! वृत्तपत्रांचा कायदा रिपनच्या काळात रद्द झाला. शस्त्रांचा कायदा मात्र इंग्रज गेल्यावरही १९५९ च्या नव्या कायद्यापर्यंत टिकला.

१९३० च्या जानेवारीत गांधीजींनी व्हाइसरॉयपुढे अकरा मागण्या ठेवल्या. मिठावरील कर उठवण्याच्या मागणीबरोबर त्यांत स्वसंरक्षणासाठी शस्त्रपरवाने द्यावेत, अशीही एक मागणी होती. अहिंसेच्या पुजाऱ्याने हे मागावे, याचे नवल वाटते. पण ज्याच्या हातून शस्त्र हिसकावले आहे, त्याने शस्त्र सोडले असे म्हणता येत नाही. सोडण्यासाठी आधी हक्क असावा लागतो.

स्वतंत्र भारतात परवाना राहिला, पण तो सर्वांसाठी. १९८३ च्या दुरुस्तीने एका माणसाकडे तीनच बंदुकांची मर्यादा आली. २०१९ मध्ये सरकारने ती एकवर आणण्याचे विधेयक मांडले; विरोधानंतर दोनवर तडजोड झाली. तिसरी बंदूक वर्षभरात पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करणे भाग पडले. वारशाने आलेल्या बंदुकाही या मर्यादेतून सुटल्या नाहीत.

विकणे आणि देणे यांत आपण मोठा फरक मानतो. कायदा मानत नाही. दोन्ही त्याच्या लेखी हस्तांतरच. घेणाऱ्याकडे परवाना हवा आणि खासगी व्यवहार असेल तर किमान ४५ दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा पोलिसांना लेखी कळवायला हवे. मालक वारला, तर परवाना नसलेल्या वारसाने बंदूक विनाविलंब जमा करायची. नंतर परवाना मिळवून ती परत घेता येते किंवा विकता येते. मुदतीत काहीच केले नाही, तर ती सरकारजमा होते. आणि ‘बघू पुढे’ म्हणत घरातच ठेवली, तर आजोबांचा अभिमान नातवाचा गुन्हा ठरतो.

मग निवड कशी करावी? विकलेली बंदूक बंदूकच राहते, फक्त हात बदलतो. म्हणून किमतीपेक्षा तो हात कुणाचा, हे पाहावे. खरी गरज असलेला परवानाधारक मिळाला, तर विकण्यात कमीपणा नाही. जुनी, दुरुस्त करूनही झाडता न येणारी बंदूक मात्र संग्रहालयात शोभते. पुण्याच्या दिनकर केळकरांनी, म्हणजे कवी ‘अज्ञातवासी’ यांनी, जन्मभर जमवलेला संग्रह राज्य सरकारच्या स्वाधीन केला. त्यात दिवे, अडकित्ते आहेत, तशी शस्त्रेही आहेत. तिथे ती कुणाला भीती घालत नाहीत, फक्त काळ सांगतात.

मराठीतला ‘अनामत’ हा शब्द अरबी ‘अमानत’वरून आला. अमानत म्हणजे विश्वासाने सोपवलेली, जपून परत करायची वस्तू. घरातली बंदूक अशीच आहे. समाजाने विश्वासाने ती आपल्याकडे ठेवू दिली. गरज सरली की तिचा निर्णय आपल्या हयातीत, आपल्या हाताने करावा. मुलांसाठी तो मागे ठेवू नये.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)